सायकलच्या शर्यतीतून मी काय शिकले



सायकल फार उपयोगी वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही व धूर होत नाही. आमच्या घरी अण्णांची जुनी सायकल आहे. अण्णा तिच्यावरून सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. मी ती नळीखालून पाय घालून चालवते, कारण सीटवरून माझे पाय पायडलला पुरत नाहीत.

चैत्रात आमच्या गावची यात्रा झाली. तेव्हा लहान मुलांची ४ किलोमीटरची सायकल शर्यत ठेवली होती. मी अण्णांना विचारले. अण्णा म्हणाले, "घे की भाग. पण सायकल मोडली तर संध्याकाळचं दूध काय तू डोक्यावर नेणार?"

शर्यतीत १० मुलगे व मी एकटी मुलगी होते. रस्ता चार प्रकारचा होता. त्याची माहिती अशी :

(१) डांबरी सडक : टायरमध्ये हवा कडक असली की सायकल हलकी पळते. इथे मी तिसरी होते.

(२) मुरमाचा उतार : मुरमावर चाक घसरते. पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. मागचा ब्रेक हळूहळू दाबत जावे. माझ्या पुढच्या मुलाने पुढचा ब्रेक दाबला आणि तो धाडकन पडला. त्याचे गुडघे फुटले. मी दुसरी झाले.

(३) ओढ्यातली वाळू : कडक टायर वाळूत रुतते. हवा थोडी कमी असेल तर टायर पसरते व कमी रुतते. पण तेच टायर डांबरीवर जड जाते. म्हणजे सगळ्या रस्त्यांना एकच हवा चालत नाही. मी खाली उतरून सायकल ढकलली.

(४) पांदण : इथे बाभळीचे काटे असतात. फुस्स असा आवाज आला आणि मागचे चाक बसले. मारुतीचे देऊळ समोर दिसत होते. तिथेच शर्यत संपणार होती. एक जण ओरडला, "तशीच दामट!" मलाही तसंच वाटलं. पण हवा नसताना वर बसून चालवली तर ट्यूब रिमखाली चिरडते. मग पंक्चर निघत नाही, नवीन ट्यूब लागते. मला दूध आठवले. मी सायकल हळूहळू ढकलत नेली. खड्डा आला की सीटला धरून मागचे चाक उचलले. गुडघे फुटलेला मुलगासुद्धा माझ्या पुढे गेला. माझा नंबर अकरावा आला. पोरं हसली, "सायकलवर बसायचं असतंय, तिला फिरवायला न्यायचं नसतंय!" मला रडू आले.

घरी दादाने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली. बुडबुडे आले तिथे भोक होते. ती जागा पुसून कोरडी केली, घासली, सोल्यूशन लावले, ते जरा वाळू दिले व ठिगळ दाबून बसवले. टायरमध्ये काटा तसाच होता. तो आधी काढला. नाहीतर पुन्हा पंक्चर झाले असते. संध्याकाळी दूध वेळेवर गेले.

गुरुजींनी वर्गात सांगितले की, युरोपात चिखल, गवत व वाळूतून सायकलची शर्यत होते. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली व फ्रान्सचे जाँ रोबिक जिंकले. त्याआधी १९४७ साली त्यांनी टूर द फ्रान्स ही मोठी शर्यतही जिंकली होती. सायक्लोक्रॉसमध्ये वाट अवघड आली की मोठमोठे खेळाडू खाली उतरतात व सायकल खांद्यावर घेऊन पळतात. नियमाने ते चालते. हे ऐकून हसणारी मुले गप्प बसली.

अण्णा नंबराबद्दल काही बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी सीट खाली करून देतो."

तर मित्रांनो, शर्यतीत जरूर भाग घ्या. पण त्याआधी हवा, ब्रेक व चेन तपासा, आणि सायकल घरात कोणाच्या कामाची आहे हे विसरू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी