कानाची तपासणी: पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

घरात कुणी अमेरिकी सैन्यातून बाहेर पडलेलं असेल, कमी ऐकू येतं म्हणून भरपाई मागायच्या विचारात असेल, तर खिशात हात घालायच्या आधी एवढं सांगा: ज्या तपासणीवर निकाल लागतो, ती फुकट असते. दावा दाखल झाला की गरजेप्रमाणे व्हेटरन्स अफेअर्स खातं, म्हणजे व्हीए, ती स्वतःच ठरवतं. कधी त्यांच्याच दवाखान्यात, कधी त्यांनी नेमलेल्या कंपनीकडे. जाण्यायेण्याचे मैलामागे 41.5 सेंटसुद्धा मागता येतात.

तरी लोक आधी बाहेर तपासून घेतात. शंभर-दोनशे डॉलर सहज जातात आणि पुष्कळदा रिपोर्ट नुसता फाइलला लावण्यापुरता उरतो. नियमाला हवा परवानाधारक ऑडिओलॉजिस्ट, बीपची चाचणी आणि ‘मेरिलँड सीएनसी’ ही शब्द ओळखण्याची चाचणी. खाजगीत बरेच जण शब्दांची दुसरीच यादी वापरतात. वेळ घेतानाच फोनवर विचारा, ‘मेरिलँड सीएनसी करता का?’ नाही म्हणाले तर पैसे वाचले.

तपासणी बंद खोलीत होते. श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. बीप ऐकू आला की बटण दाबायचं. मग रेकॉर्डवरचा एकेक इंग्रजी शब्द ऐकून परत म्हणायचा. आपल्या माणसांना इथे एक गोष्ट उपयोगी पडते. इंग्रजी ही मातृभाषा नसेल आणि शब्द कानामुळे नव्हे, भाषेमुळे अडत असतील, तर ते तपासणाऱ्याला तिथेच सांगावं. भाषेच्या अडचणीमुळे शब्दचाचणी योग्य नाही असं त्याने लेखी दिलं, तर फक्त बीपच्या आकड्यांवर वेगळ्या तक्त्याने हिशेब होतो. मुद्दाम चुकायच्या भानगडीत मात्र पडू नका. दोन चाचण्यांचे आकडे जुळले नाहीत की लगेच डोळ्यावर येतं.

आता हाती काय लागतं? 1000, 2000, 3000 आणि 4000 हर्ट्झचे आकडे घेऊन सरासरी काढतात. समजा दोन्ही कानांत ते 30, 45, 60 आणि 65 डेसिबल आले, सरासरी 50. शब्द 88 टक्के बरोबर. घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज वाद व्हावा इतकं हे नुकसान आहे, आणि तक्त्यात त्याचं मोल येतं शून्य टक्के! मला हा तक्ता कंजूष वाटतो, पण निकाल त्यानेच लागतो. म्हणून कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण असेल, तर टिनिटस वेगळा लिहा. तो यंत्रात दिसत नाही, तुमच्या सांगण्यावरच बराच भर असतो. मंजूर झाला तर 10 टक्के, एका कानात असो वा दोन्ही. 2025 च्या दराने महिन्याला 175.51 डॉलर. शून्य टक्केही टाकाऊ नाही. नुकसान नोकरीमुळे झालं हे कागदावर येतं, पुढे ऐकणं आणखी कमी झालं तर वाढ मागता येते, आणि बाजारात हजारो डॉलरला पडणारं श्रवणयंत्र बॅटऱ्यांसकट व्हीएकडून फुकट मिळू शकतं.

खरी चाट बसते ती ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांकडून. पहिल्या दाव्यासाठी फी घ्यायला कायद्याने परवानगी नाही, मान्यताप्राप्त वकिलालासुद्धा नाही. डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी अर्ज फुकट भरून देतात. वकील करायचाच तर निकाल विरोधात गेल्यावर. थकबाकीच्या 20 टक्क्यांपर्यंतची फी रास्त धरली जाते.

कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल, तर आजच ‘इंटेंट टू फाइल’ नोंदवून ठेवा. पैसे पडत नाहीत, आणि वर्षभरात दावा दाखल केला तर थकबाकी त्या तारखेपासून मोजता येते. तपासणीची तारीख जमत नसेल तर आधी फोन करून बदलून घ्या. न सांगता गैरहजर राहिलात, तर हातातल्या कागदांवरच निकाल लागतो, आणि तो बहुधा नकाराचा असतो.