अब्बांचा मोबाईल आणि दुकानाचा संगणक : जुळणी कशी करावी?

आपल्या छोट्या धंद्यांत आज दोन पिढ्या एकाच गल्ल्यावर बसतात. अब्बांचा संगणक दहा-बारा वर्षांचा असतो. मुलगा त्यांच्या हाती नवा स्मार्टफोन देतो आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार सुरू होते : "ह्यातले त्यात जात नाही." मुलगा म्हणतो, संगणक भंगारात द्या. अब्बा म्हणतात, फोन परत कर. पुष्कळदा दोन्ही यंत्रे ठीक असतात, मधला दुवा तेवढा जुळत नसतो. तो क्रमाने तपासला तर विनाकारण होणारा खर्च टळतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाचे उदाहरण घेऊन हा क्रम पाहू.

१) आधी केबल पाहा

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत फक्त विजेच्याच तारा असतात. अशा केबलीने फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही. म्हणून प्रथम केबल बदलून पाहावी. तरीही अँड्रॉइड फोन दिसत नसेल तर त्याचे लॉक उघडावे आणि वरच्या सूचनांत यूएसबीचा पर्याय शोधून 'फाईल ट्रान्सफर' निवडावे.

२) फोटोचा प्रकार

२०१७ पासून आयफोनमध्ये एचईआयसी हा नवा प्रकार आला. तो फोटो जुन्या विंडोजवर सहसा उघडत नाही. गिऱ्हाईकाला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडण्यास सांगावे, म्हणजे पुढचे फोटो जेपीईजीमध्ये निघतात. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. एरवी तो लहान होऊन येतो आणि छपाईत फाटतो.

३) अक्षरांचा घोटाळा

मोबाईलवरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो. जुन्या मराठी फाँटमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. त्यामुळे पत्रिकेची जुनी फाईल फोनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसते आणि फोनवरचा मजकूर जुन्या फाँटमध्ये नीट उमटत नाही. इनपेजमधील उर्दू फाईलही फोनवर तशी उघडत नाही. गिऱ्हाईकाला नमुना दाखवायचा असेल तर त्याची पीडीएफ करून पाठवावी. मजकूर बदलायचा असेल तर परिवर्तक वापरावा, पण मूळ फाईल पुसू नये. परिवर्तनानंतर वधू-वरांची नावे, तारीख व पत्ता पुन्हा वाचावा. एक वेलांटी चुकली तरी सगळ्या पत्रिका रद्दीत जातात.

४) संगणक केव्हा बदलावा?

विंडोज ७ चा सुरक्षा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. संगणक त्यात बसत नसेल तर तो इंटरनेटशिवाय जुन्या फाईलींपुरता ठेवावा. बँकेचे काम त्यावर करू नये.

५) उधारीची वही सर्वांत आधी

जुना फोन विकण्याच्या घाईत कित्येकांची येणी पुसली जातात. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. लिहिलेले जपणे हाही त्याचाच भाग समजावा. दुसऱ्याचे आपल्याकडे असलेले देणे तर अमानत आहे. म्हणून फोन बदलण्यापूर्वी नंबर, हिशेब व ऑर्डरी यांच्या दोन प्रती काढाव्यात, एक संगणकात आणि एक पेनड्राईव्हमध्ये. त्या उघडून पाहिल्याखेरीज जुना फोन पुसू नये.

तरुणांना शेवटची विनंती. अब्बांच्या हातातून फोन ओढून "मी करतो" म्हणू नका. त्यांच्याच हाताने दोन-तीनदा करवून घ्या आणि पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावा. वृद्ध आई-वडिलांशी कंटाळ्याचा शब्दही न बोलण्याची ताकीद आपल्याला आहे. ज्यांनी आपल्याला मापाची पट्टी धरायला शिकवले, त्यांना बटण दाबायला शिकवताना आवाज चढू नये. इन्शाअल्लाह, धंद्यातही बरकत राहील आणि घरातही.