हातउसने आणि चिठ्ठी

आमच्या भुसावळला रेल्वेची वस्ती मोठी. मुंबईकडून गाडी इथे येते आणि इथून वाटा फुटतात. एक नागपूरकडे जाते, एक खंडव्याकडे. या वस्तीत सगळ्या धर्मांची माणसे शेजारी शेजारी राहतात. एकमेकांच्या लग्नाला जातात, मयतीलाही जातात.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका मयतीला गेलो होतो. वारलेला गृहस्थ रेल्वेत फिटर होता. त्याचा थोरला मुलगा आमचा विद्यार्थी. मुसलमानांत पुरण्याआधी मयतासाठी नमाज होते. तिला जनाज्याची नमाज म्हणतात. ती सुरू होण्यापूर्वी मुलगा लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बांकडे कुणाचं काही देणं निघत असेल तर मला सांगा. मी फेडीन." त्याचा आवाज कापत होता. असे विचारण्याची चाल त्या समाजात जुनी आहे.

संध्याकाळी दोघे जण घरी आले. एकाने सांगितले, बारा हजार रुपये. त्याने वहीचे पान पुढे केले. त्यावर फिटरच्या हातचे अक्षर, तारीख आणि सही होती. दुसऱ्याने सांगितले, चाळीस हजार. त्याच्याजवळ काहीच नव्हते. "अरे बाबा, आमच्यात कागद कसला? विश्वासावर दिले," तो म्हणाला. आईला विचारले, तर तिलाही ठाऊक नाही. तो माणूस खरा असेल, खोटाही असेल. ज्याला विचारायचे तो तर निघून गेला.

वडिलांच्या देण्याची मुलाला एवढी धास्ती का? इस्लाम धर्मात देणे फार जड मानले आहे. पैगंबरांची एक हकीकत सांगतात. एक मयत नमाजासाठी आणली. याच्याकडे कुणाचे देणे आहे काय, असे पैगंबरांनी विचारले. दोनतीन दिनार देणे आहे असे कळले, तेव्हा ते स्वतः नमाजाला उभे राहिले नाहीत. एका सोबत्याने ते देणे आपल्या अंगावर घेतले, मग ते उभे राहिले. धर्माचा कायदाही तसाच आहे. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून आधी कफनदफनाचा खर्च, मग देणे, मग मृत्युपत्रात लिहिलेले दान (तेही एक तृतीयांशापर्यंतच), आणि उरेल ते वारसांना. म्हणजे चाळीस हजार खरे मानले तर ते आईच्या आणि धाकट्या बहिणीच्या हिश्श्यातून जाणार. खोटे मानले आणि ते खरे निघाले, तर बापाच्या मानेवर ओझे राहणार.

मुलगा आम्हांला म्हणाला, "सर, तुम्ही बरोबर चला." आम्ही दोघे मुफ्तीसाहेबांकडे गेलो. धर्माचा कायदा शिकून जो उत्तर देतो तो मुफ्ती, आणि त्याचे उत्तर म्हणजे फतवा. पुष्कळांना फतवा म्हणजे सरकारी हुकूम वाटतो. तसे नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ साली स्पष्टच सांगितले की फतवा कुणावर सक्तीचा नाही.

आमच्या आधी तीनचार जण बसले होते. आम्ही ऐकत राहिलो.

मालगाडीच्या एका गार्डने विचारले, ड्यूटीवर बाहेरगावी गेलो तर नमाज पुरी पढावी की अर्धी? उत्तर मिळाले की सुमारे ४८ मैलांच्या, म्हणजे ७७ किलोमीटरांच्या पुढे जायचे असेल आणि तिथे पंधरा दिवसांहून कमी राहायचे असेल, तर चार रकातींच्या जागी दोन. रकात म्हणजे नमाजाचा एक फेरा. तेव्हा जळगावला गेला तर पुरी, बऱ्हाणपूरला गेला तरी पुरी, खंडव्याला गेला तर दोन. एक पॉइंट्समन होता. शुक्रवारी दुपारी गाडी असते, जुम्म्याची नमाज चुकते, त्याचे काय? मुफ्तीसाहेब म्हणाले, "गाडी यायच्या वेळी जागा सोडू नका. लोकांचे जीव तुमच्या हाती आहेत. जुम्मा हुकला तर जोहरची नमाज पढा." रावेरकडचा एक केळीवाला होता. केळी निसवण्याआधीच व्यापारी बागेचा भाव ठरवून पैसे देतो, ते चालेल का? नाही. जे फळ अजून आलेच नाही ते विकता येत नाही. वारा आला, बाग पडली, तर भांडण ठरलेले.

एका बाईने चिठ्ठी पाठवली होती. तिच्याजवळ आठ तोळे सोने होते, दुसरी शिल्लक काही नव्हती. तिला जकात लागू आहे काय? जकात म्हणजे वर्षभर साठून राहिलेल्या धनातून गरिबांना द्यायचा चाळिसावा भाग. साडेसात तोळे सोने असेल तर ती लागू होते. बाईला वाटले, आपल्याला लागू झाली. पण हा तोळा जुना, साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. आजचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. जुने साडेसात तोळे म्हणजे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम, बाईचे आठ तोळे म्हणजे ऐंशी ग्रॅम. हिशेब चुकला असता. आम्ही आयुष्यभर गणित शिकवले, पण हे आमच्याही ध्यानात आले नसते.

मग आमची पाळी आली. मुफ्तीसाहेबांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "जो मागतो त्याने पुरावा आणावा. तुम्हांला ठाऊक नाही, तर ठाऊक नाही अशी शपथ घेता येईल. कायद्याने तुम्ही मोकळे." मग थोडे थांबून म्हणाले, "तुमच्या वडिलांनी आणि त्या भल्या माणसाने कुराणातली सगळ्यांत लांब आयत पाळली असती तर तुम्ही आज इथे आला नसता."

आम्ही विचारले, ती कोणती? ती दुसऱ्या अध्यायात आहे. तिचा क्रमांक २८२. ती नमाज-रोज्यांवर नाही. उसनवारी लिहून ठेवण्यावर आहे! आम्ही चकित झालो. चौदाशे वर्षांपूर्वीचा अरबस्तान. लिहिता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथे हे सांगितले आहे की मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. लिहिणाऱ्याने नाही म्हणू नये, आणि लिहिणाऱ्याला कुणी त्रास देऊ नये. दोन साक्षीदार घ्या. (तिथे दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन स्त्रिया असे आहे. आपल्या देशाच्या कायद्यात साक्षीला असा फरक नाही.) रोखीने दिले-घेतले तर लिहिण्याची गरज नाही. बहुतेक जुन्या विद्वानांनी हे लिहिणे चांगले म्हटले आहे, सक्तीचे म्हटलेले नाही. म्हणूनच लोक टाळत असावेत.

त्यात एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली. चिठ्ठीचा मजकूर कुणी सांगायचा? ज्याने पैसे घेतले त्याने. सावकाराने नाही. ज्याच्या मानेवर ओझे त्याच्याच तोंडचे शब्द कागदावर यावेत.

आपल्या महाराष्ट्रात याच्या उलट झाले. सावकार सांगे, कारकून लिही, शेतकरी अंगठा उठवी. कागदात काय आहे ते त्याला कळत नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. त्यावर सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तेव्हा कागद आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि कागदाला भिऊही नका. तो वाचा.

आता व्याजाचे. उसने दिलेल्या पैशावर ठरवून जास्त घेणे याला सूद म्हणतात, आणि ते इस्लाममध्ये वर्ज्य आहे. घेणारा, देणारा, लिहिणारा, साक्षीदार, सगळे दोषी. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी, सोडून दिले तर अधिकच चांगले, असे त्याच अध्यायात आहे. मग बँकेतल्या व्याजाचे काय करावे? आपल्याकडचे पुष्कळ मुफ्ती म्हणतात की ते बँकेत सोडू नये, काढून गरजवंताला द्यावे, पण पुण्याची आशा धरू नये. सगळ्यांचे मत एक नाही. ईजिप्तच्या मुफ्तींनी १९८९ साली काही ठेवींवरचा नफा चालेल असे सांगितले, त्यावर मोठा वाद झाला. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ साली बिनव्याजी कर्जाची योजना काढली होती.

आणि देशाचा कायदा सगळ्यांना सारखा आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराजवळ परवाना पाहिजे. त्याने हिशेब ठेवला पाहिजे, पावती दिली पाहिजे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेणे गुन्हा आहे. कुणी मागितला तर देऊ नका, मग तो सोयरा का असेना. दुसरी गोष्ट मुदतीची. हातउसन्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्या आत देणेकऱ्याने देणे कबूल असल्याचे सहीनिशी लिहून दिले तर तिथून तीन वर्षे नव्याने धरतात.

तुम्हांला आता लिहिता येते. वहीचे एक पान घ्या आणि असे लिहा:

"मी (पूर्ण नाव), राहणार (गाव), आज तारीख ... रोजी (पूर्ण नाव) यांच्याकडून ५,००० रुपये, अक्षरी पाच हजार रुपये, हातउसने घेतले. ते मी तारीख ... पर्यंत परत देईन. हे मी वाचून पाहिले." खाली घेणाऱ्याची सही. तिच्याखाली दोन साक्षीदारांची नावे आणि सह्या. रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा, म्हणजे शून्य वाढवता येत नाही. दोन प्रती करा, एकेक दोघांजवळ ठेवा. घरात बायकोला दाखवा, तिलाही वाचू द्या. पैसे परत दिले की दोन्ही प्रतींवर "भरून पावलो" असे लिहून तारीख आणि सही घ्या.

त्या मुलाने बारा हजार महिन्याभरात दिले आणि पानावर "भरून पावलो" लिहून घेतले. चाळीस हजारांचेही तो दर महिन्याला थोडे थोडे देत होता. खरे की खोटे हे त्याला अजून कळलेले नाही.