सहाध्यायाची गरज

मुलांनी परस्परांशी स्नेहाने वागावे, दुबळ्याला हात द्यावा, कोणाच्या बोलीची वा वेषाची थट्टा करू नये, हा उपदेश बहुतेक शाळांत कोठे ना कोठे होतोच. मुले तो तोंडपाठ करतात आणि मधल्या सुटीत विसरतात. यात मुलांचा दोष थोडा आहे. पोहण्यावरील व्याख्यान ऐकून कोणी पोहू लागत नाही. मैत्रीचीही गत तीच आहे. तिचा सराव व्हावा लागतो, आणि तो रोजच्या अभ्यासातच गुंफलेला असावा लागतो.

मुलांना एका छपराखाली बसविले की आपलेपणा आपोआप निर्माण होतो, ही समजूतही खरी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांसमवेत एकाच वर्गात होते. परंतु त्यांना कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर निराळे बसावे लागे आणि शिपायाने नळ उघडल्यावाचून पाणी मिळत नसे. भिंती एकच होत्या, पण सहवास नव्हता. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. दोन समूह एकत्र आल्याने दुरावा कमी व्हावयाचा असेल, तर त्या ठिकाणी दोघांचा दर्जा समान असला पाहिजे, ध्येय एक असले पाहिजे, ते गाठण्यासाठी परस्परांच्या साहाय्याची गरज पडली पाहिजे आणि अधिकारी मंडळींचा त्यास मनापासून पाठिंबा असला पाहिजे.

हा विचार वर्गात कसा उतरवावा, याचे एक उत्तर 1971 साली अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरात सापडले. वर्णानुसार विभागलेल्या शाळा तेथे नुकत्याच एकत्र केल्या गेल्या होत्या. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच शेजारी बसू लागली, आणि मारामाऱ्यांना ऊत आला. शाळांनी एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाला पाचारण केले. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी भांडणे सोडविण्याऐवजी वर्ग पाहण्यास आरंभ केला. शिक्षिका प्रश्न विचारीत. काही हात वर जात. एकाला संधी मिळे आणि उरलेल्यांचे चेहरे पडत. त्याचे उत्तर चुकले, तर तेच चेहरे खुलत! दुसऱ्याच्या चुकीत आपला लाभ आहे, हा धडा मुले दिवसातून कितीतरी वेळा गिरवीत होती. हे दृश्य आपल्याकडील वाचकास परके वाटू नये.

ॲरनसनने ही रचनाच पालटली. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या चरित्रावरील पाठाचे सहा भाग करण्यात आले आणि सहा-सहा मुलांच्या मिश्र गटांत प्रत्येकाला एकेक भाग मिळाला. आपल्या वाट्याचा भाग इतरांना समजावून सांगायचा आणि अखेरीस संपूर्ण पाठावर परीक्षा द्यायची. चित्रकोड्याचा एक तुकडा हरवला तर चित्र अपुरे राहते, तसेच येथे होते. म्हणून या पद्धतीस ‘जिगसॉ’ हे नाव पडले. एका गटात इंग्रजी बोलताना अडखळणारा मेक्सिकन वंशाचा मुलगा होता. प्रारंभी सोबत्यांनी त्याची टवाळी केली. टवाळीने त्याच्याजवळची माहिती मिळणार नाही आणि परीक्षा तर थोड्याच वेळात आहे, एवढेच निरीक्षकाने त्यांच्या लक्षात आणून दिले. रागावणे नाही, बोधामृत नाही. हळूहळू मुले त्याला नेमके प्रश्न विचारू लागली, त्यालाही धीर आला, आणि आपण समजत होतो तितका हा मंद नाही, असे त्यांना आढळले.

अशा वर्गांत मुलांची परस्परांविषयीची आवड वाढली आणि अल्पसंख्य समाजांतील मुलांचे गुण सुधारले. गोऱ्या मुलांचे नुकसान झाले नाही. पुढील काळातील सर्वच पाहण्यांत गुणांची वाढ सारखी दिसलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

भारतातही या दिशेचा पुरावा आहे. दिल्लीतील खाजगी शाळांना 2007 पासून गरीब घरांतील मुलांना प्रवेश देणे भाग पडले. त्यांच्या श्रीमंत वर्गबंधूंचा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. ही श्रीमंत मुले अधिक उदार झाल्याचे आणि शर्यतीसाठी सोबती निवडताना गरीब मुलांना कमी डावलू लागल्याचे त्यात दिसून आले. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे पाडले जात. त्यामुळे कोणाच्या गटात कोण येईल हे कोणाच्या पसंतीवर नव्हते. आणि गटातील प्रत्यक्ष सहवासाचाच परिणाम मोठा असल्याचे आढळले.

आपल्या शिक्षकाने हा प्रयोग करावयाचा, तर मिठाच्या सत्याग्रहाचा पाठ सोयीचा आहे. मिठावरील कर आणि सामान्य माणसाचा संसार हा एक भाग. 2 मार्च 1930 चे व्हाइसरॉयला धाडलेले पत्र हा दुसरा. 12 मार्चला साबरमतीहून निघालेली पदयात्रा, 6 एप्रिलला दांडी येथे झालेला कायदेभंग, मे महिन्यातील धरासणा आणि 1931 चा गांधी-आयर्विन करार हे उरलेले. गटागटांतून एकच भाग मिळालेल्या मुलांनी आधी एकत्र बसून तो पक्का करावा. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण वाचनात कच्च्या मुलाची अब्रू तिच्यावरच अवलंबून असते. त्याला मुद्दाम सोपा भाग देणे मात्र टाळावे. मुलांना ते लगेच उमगते. घरी निराळी भाषा बोलणाऱ्या मुलास प्रथम आपल्या भाषेत सांगू द्यावे आणि गटातील दुभाष्याने ते इतरांस कळवावे. गट शिक्षकाने पाडावेत, कारण मुलांवर सोपविल्यास जुनीच टोळकी नव्या नावाने बसतात. साठ मुलांच्या वर्गात पहिल्या खेपेस गोंगाट होईल, आणि शेजारच्या वर्गाची तक्रारही येईल. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.