‘डिसेंट्रलायझेशन’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

वाणिज्य शाखेच्या व्यवस्थापन विषयात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘डेलिगेशन’ आणि ‘डिसेंट्रलायझेशन’ यांतील फरक स्पष्ट करा. पाठ केलेले सहा-सात मुद्दे आपण तक्त्यात मांडतो आणि गुण मिळवून मोकळे होतो. परीक्षेबाहेर मात्र हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. एखाद्या कचेरीची नवी शाखा उघडली, की ते विकेंद्रीकरण. साहेबांनी सहीचा अधिकार हाताखालच्या माणसाला दिला, की तेही विकेंद्रीकरण. हा सैलपणा केवळ भाषेचा दोष असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ज्यांच्या हाती सत्ता आलेलीच नाही त्यांना ती आल्याचा भास या शब्दाने होतो. म्हणून त्याचा अर्थ नीट तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ग्रीक भाषेत ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचणी किंवा अणकुचीदार टोक. वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक कागदात रुतवतात त्यावरून वर्तुळाच्या मध्याला हा शब्द लागू झाला. तो लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि ‘सेंटर’ झाला. दुसरीकडे तोच ग्रीक शब्द ज्योतिषशास्त्राबरोबर संस्कृतात आला आणि ‘केंद्र’ झाला. तेव्हा इंग्रजीतील ‘सेंटर’ आणि आपले ‘केंद्र’ हे एकाच घरचे आहेत. ‘डी’ हा उपसर्ग मात्र लक्षात ठेवण्याजोगा. त्याचा अर्थ ‘केलेले उलटवणे’. म्हणजे आधी कोणीतरी सत्ता एका जागी गोळा केलेली असली पाहिजे. त्याशिवाय ‘डिसेंट्रलायझेशन’ संभवत नाही. मराठीत ‘वि’ या उपसर्गाचे दोन अर्थ होतात : ‘वियोग’ या शब्दात वेगळे होणे, तर ‘विशुद्ध’ या शब्दात विशेषपणा. ‘विकेंद्रीकरण’ यात पहिला अर्थ अभिप्रेत आहे. प्रत्यक्ष कारभार पाहिला, की काही अधिकारी दुसराच अर्थ धरून ‘विशेष केंद्रीकरण’ करीत असावेत, असे वाटते!

या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हा शब्द परका नाही. तेथे ‘अधिकार विकेंद्रीकरण’ म्हणतात, आपण ‘सत्तेचे विकेंद्रीकरण’ म्हणतो. एखादा पक्ष मराठीत ‘सत्तेवर’ येतो, तर कन्नडमध्ये ‘अधिकारक्के’ येतो. कन्नडमधील ‘अधिकार’ शब्दाने राज्य करण्याची शक्ती आणि पदामुळे मिळालेली मुभा या दोन्ही गोष्टी कळतात. मराठीत त्या दोहोंसाठी दोन शब्द हाताशी आहेत, आणि आपला विषय समजण्यास हा भेद उपयोगी पडतो. सहीचा अधिकार दिला म्हणजे सत्ता दिली असे होत नाही.

शब्दाचा राजकीय उपयोग फ्रान्समधून आला. राज्यक्रांतीनंतर तेथील कारभार पॅरिसमध्ये एकवटला आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून एकोणिसाव्या शतकात उलट दिशेचा शब्द रूढ झाला. भारतात तो लवकर पोहोचला. ब्रिटिश सरकारने 1907 साली हेच नाव असलेला शाही आयोग नेमला. रमेशचंद्र दत्त त्याचे सदस्य होते आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यापुढे साक्ष दिली होती. 1909 साली आयोगाचा अहवाल आला. व्यवस्थापनशास्त्रात या शब्दाला स्थान दिले ते आंरी फायोल यांनी. 1916 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा आशय असा, की ज्या योगे हाताखालच्या माणसाच्या कामाचे महत्त्व वाढते ते विकेंद्रीकरण, आणि ज्या योगे ते घटते ते केंद्रीकरण.

आता इंग्रजी वाक्यातील उपयोग. येथे तीन क्रियापदे जवळजवळ येतात. ‘डेलिगेट’ करतात ते एखादे काम, आणि तेही विशिष्ट माणसाला. जबाबदारी देणाऱ्याकडेच राहते आणि दिलेले केव्हाही परत घेता येते. ‘डिव्हॉल्व्ह’ होतात ते अधिकार, आणि ते एखाद्या खालच्या संस्थेकडे कायद्याने जातात. ‘डिसेंट्रलाइज’ होते ती मात्र संपूर्ण व्यवस्था. म्हणून ‘मॅनेजरने आपले काम कारकुनाकडे डिसेंट्रलाइज केले’ हे वाक्य चूक. तेथे ‘डेलिगेट’ हवे. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत कर्ज मंजूर करता येते, हे डेलिगेशनच होय. कारण मुख्य कचेरीचे एक परिपत्रक ती मर्यादा उद्या कमी करू शकते.

आणखी एक शब्द यात मिसळतो, तो ‘फेडरल’. 1904 च्या सहकारी कायद्यानंतर 1905 साली गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली. पुढे अशा गावोगावच्या सोसायट्या मिळून जिल्हा मध्यवर्ती बँका उभ्या राहिल्या. येथे सत्ता खालून वर गेली. हा संघ झाला. त्याला विकेंद्रीकरण म्हणणे बरोबर नाही, कारण उलटवण्यासारखे केंद्र आधी नव्हतेच.

त्याचप्रमाणे जागा बदलणे म्हणजेही विकेंद्रीकरण नव्हे. बेळगावात 2012 साली सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. महाराष्ट्राचे अधिवेशन नागपुरास भरते. यामुळे लोकांना आपले गाऱ्हाणे जवळ मांडता येते, हा लाभ खराच. परंतु निर्णय घेणारे सभागृह तेच असते, फक्त त्याचा मुक्काम हलतो.

मग खरे उदाहरण कोणते? कर्नाटकाने 1983 साली जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींचा कायदा केला. त्यामागे मंत्री अब्दुल नझीर साब यांची तळमळ होती. 1987 साली निवडणुका झाल्या. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला आणि जिल्ह्याच्या विकासाची खाती लोकांनी निवडलेल्या मंडळाच्या हाताखाली आली. अधिकार, पैसा आणि उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी एकदम खाली आल्या, म्हणून तेथे हा शब्द शोभतो. तथापि पहिली मुदत संपताच निवडणुकांऐवजी प्रशासक आले. राज्याच्या कायद्याने दिलेले राज्यालाच आवरते घेता आले.

हा धोका ओळखूनच 73 वी घटनादुरुस्ती झाली आणि 24 एप्रिल 1993 पासून ती अमलात आली. तिची इंग्रजी भाषा पाहण्यासारखी आहे. पंचायतींना अधिकार देण्याविषयीच्या कलम 243-जी मध्ये ‘मे’ हे क्रियापद आहे, म्हणजे राज्याचे विधिमंडळ असे अधिकार देऊ शकेल. पाच वर्षांच्या मुदतीविषयीच्या कलम 243-ई मध्ये मात्र ‘शॅल’ आहे, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. सत्ता किती द्यावी हे राज्याच्या मर्जीवर, पण निवडणूक बंधनकारक. तरीही कर्नाटकात 2021 साली जिल्हा व तालुका पंचायतींची, आणि महाराष्ट्रात 2022 साली बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा प्रभागरचना व आरक्षण यांच्या वादांत निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा निराळी. अनुभव मात्र एकच.

तात्पर्य, यापुढे कोणी ‘विकेंद्रीकरण’ म्हटले, तर तीन प्रश्न विचारावेत. निर्णय कोण घेतो? पैसा कोणाच्या हाती आहे? आणि दिलेले परत घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘खालची संस्था’ असे नसेल, तर ‘शाखा’, ‘अधिकारप्रदान’ किंवा ‘स्थलांतर’ हे साधे शब्द वापरावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘वरचा साहेब’ असे असेल, तर ते डेलिगेशनच समजावे, मग परिपत्रकावर मथळा कोणताही असो. परीक्षेतील तक्त्यात हे तीन मुद्दे प्रथम लिहिले, तर उरलेले पाठ करण्याचे श्रमही वाचतील.