भिगवणच्या होडीत बसण्याआधी: कॅमेऱ्याचे तीन कप्पे भरण्याची कृती

उथळ पाण्यात मान बुडवून चरणारा रोहित पक्ष्यांचा थवा उडायला निघाला, की फोटो काढणाऱ्याच्या हातात जेमतेम काही सेकंद उरतात. तेवढ्यात शटर स्पीड वाढवणं, फोकसची चौकट मोठी करणं, सलग फोटोंची सोय चालू करणं आणि आयएसओकडे बघणं ही चार कामं मेन्यूत शिरून होत नाहीत. ती आदल्या दिवशी घरी बसून करायची आणि कॅमेऱ्याच्या स्मृतीत साठवून ठेवायची. होडीत मग एकच डायल फिरवावी लागते. बहुतेक प्रगत कॅमेऱ्यांत ही सोय असते, पण तिला हात न लावणारेच जास्त.

कृतीसाठी कॅमेरा घेतला आहे सोनीचा आरएक्स१० मार्क ४. हा २०१७ साली आला. लेन्स बदलता येत नाही, पण ती २४ ते ६०० मिमीचा पल्ला गाठते आणि सगळं मिळून वजन सुमारे १.१ किलो. पक्षी टिपणाऱ्यांना तो आवडतो तो यामुळेच. याची किंमत मोजावी लागते ती सेन्सरमध्ये. 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा हा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा आहे. त्याचं क्षेत्रफळ फुल फ्रेम सेन्सरच्या सातव्या हिश्शाहूनही कमी भरतं. थोडक्यात, प्रकाश कमी पडला की हा कॅमेरा लवकर थकतो. पुढची सगळी सेटिंग्ज ही एक गोष्ट मनात धरून केली आहेत.

तुमच्याकडे दुसरा कॅमेरा असला तरी क्रम हाच ठेवा. सोनीवर डायलवर 'एमआर' असं लिहिलेलं असतं, निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांवर 'यू१', 'यू२', तर कॅननवर 'सी१', 'सी२'. सोयीसाठी आपण त्यांना कप्पे म्हणू.

साहित्य

- कॅमेरा आणि पूर्ण चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या (एका बॅटरीत सुमारे ४०० फोटो निघतात, व्हिडिओ केला तर कमी)
- ६४ जीबीचं, 'यू३' खूण असलेलं एसडी कार्ड
- लेन्स पुसायचं मऊ कापड
- एक मोकळी संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ

पायरी १: आधी पाया घाला

कप्पा भरताना त्या क्षणी कॅमेऱ्यात असलेली बहुतेक सेटिंग्ज त्यात जातात. म्हणून तिन्ही कप्प्यांना लागणाऱ्या समान गोष्टी आधी उरकून घ्या.

१. तारीख आणि वेळ लावा. जुने फोटो संगणकावर उतरवून झाल्याची खात्री करा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

२. डोळा लावायच्या खिडकीशेजारचं छोटं चाक फिरवा आणि आतले आकडे स्वच्छ दिसतील तिथे थांबा. हे राहून गेलं तर नीट फोकस झालेला फोटोही तुम्हाला धूसर वाटत राहील.

३. फाइल फॉरमॅट 'रॉ आणि जेपेग' ठेवा. एक रॉ फाइल सुमारे २० एमबीची होते, पण पांढऱ्या पिसांमधला उडत चाललेला तपशील परत आणायला तीच कामाला येते.

४. झूमच्या सेटिंगमध्ये फक्त ऑप्टिकल झूम राहू द्या. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. ते घरी संगणकावर जास्त नीट होतं.

५. बीप बंद करा. फोकससाठी पुढे लागणारा लाल दिवाही बंद करा. पाण्यावर आवाज लांबवर जातो.

६. स्टेडीशॉट चालू ठेवा. ट्रायपॉडवर मात्र तो बंद करायचा.

७. झेब्रा चालू करून त्याची पातळी १००+ वर न्या. चित्रातला जो भाग पार पांढराफटक होणार असेल त्यावर तिरके पट्टे हलताना दिसतात. धोक्याची सूचना फोटो काढण्याआधी मिळते, नंतर नाही.

८. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवा. ऑटोवर कॅमेरा सकाळच्या उन्हातला पिवळेपणा 'दुरुस्त' करून टाकतो आणि जेपेगमधली सकाळ दुपारसारखी दिसते.

पायरी २: पहिला कप्पा, बसलेला पक्षी

काठावरचा बगळा, खुंटावरचा खंड्या, चिखलात चालणारा शेकाट्या हे सगळे या कप्प्यात येतात.

- मोड: ए, म्हणजे अॅपर्चर तुमच्या हातात
- अॅपर्चर: एफ/४
- आयएसओ: ऑटो, १०० ते ३२००
- ऑटो आयएसओसाठी किमान शटर स्पीड: १/५००
- फोकस: सी, म्हणजे सतत
- फोकसची जागा: फ्लेक्सिबल स्पॉट, मध्यम आकार
- ड्राइव्ह: सलग, सर्वांत हळू (सेकंदाला सुमारे ३.५ फोटो)

यातलं मोलाचं कलम म्हणजे किमान शटर स्पीड. ते न ठरवता ए मोडवर गेलात, तर आयएसओ कमी राखण्याच्या नादात कॅमेरा शटर हळू करतो आणि पक्ष्याची मान हलताच फोटो जातो. १/५०० ही अट घातली की तो आधी आयएसओ चढवतो आणि ३२०० संपल्यावरच शटरला हात लावतो. लेन्समधला स्टेडीशॉट तुमच्या हाताची थरथर सावरतो, पक्ष्याची हालचाल नाही.

चौकट लहान का? बगळ्यापुढे वेताच्या चार काड्या असतील, तर मोठ्या चौकटीत कॅमेरा काड्यांना धरतो. लहान चौकट डोळ्यावर ठेवता येते.

अॅपर्चर मात्र एफ/८ च्या पुढे नेऊ नका. इतक्या छोट्या सेन्सरवर बारीक छिद्रातून येणारा प्रकाश पसरतो आणि पिसांची वीण पुसट होते. शिवाय प्रकाशही घटतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

पायरी ३: दुसरा कप्पा, उडता पक्षी

- मोड: एम
- शटर स्पीड: १/१६००
- अॅपर्चर: एफ/४
- आयएसओ: ऑटो, १०० ते ६४००
- फोकस: सी
- फोकसची जागा: झोन
- ड्राइव्ह: सलग, मध्यम (सेकंदाला सुमारे १०)
- शटरचा प्रकार: मेकॅनिकल

एम मोडचं नाव काढलं की बरेच जण बिचकतात, पण आयएसओ ऑटो असेल तर हा मोड सर्वांत निर्धास्त. पंखांची हालचाल गोठवायला लागणारा वेग तुम्ही ठरवला, लेन्स पूर्ण उघडली, आता उजेड जुळवून घ्यायचं काम कॅमेऱ्याचं.

१/१६०० हा आकडा कुठून आला? लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ असताना शटर १/१०० च्या आसपास लागतं, हा छायाचित्रणातला जुना हिशेब आहे. एफ/१६ वरून एफ/४ वर आलात की चार पायऱ्या उजेड वाढतो आणि शटर तितकंच चढवता येतं: १/२००, १/४००, १/८००, १/१६००. म्हणजे भर उन्हात हा वेग आयएसओ १०० वरच मिळतो. पहाटे उजेड तीन पायऱ्या कमी असेल तर आयएसओ ८०० होईल. तेही या सेन्सरला झेपतं.

शटर मेकॅनिकल ठेवण्याला कारण आहे. इलेक्ट्रॉनिक शटर १/३२००० पर्यंत धावतं आणि त्याचा आवाज होत नाही, पण ते चित्र एकाच क्षणी न वाचता ओळीओळीने वाचतं. वेगाने फडफडणारा पंख त्यात वाकडा येऊ शकतो. मेकॅनिकल शटर १/२००० पर्यंत जातं आणि आपली गरज तेवढ्यात भागते.

हा कॅमेरा सेकंदाला २४ फोटो काढू शकतो, तरी इथे १० च निवडले आहेत. २४ च्या वेगाने दहा सेकंद बटण दाबून धरलं तर २४० फोटो जमतात. ते कार्डावर उतरेपर्यंत कॅमेऱ्याची काही कामं अडतात आणि घरी चाळायला रात्र पुरत नाही. रोहितसारख्या मोठ्या पक्ष्याच्या पंखांच्या संथ लयीला दहा पुरेत.

शेवटी लेन्सवरचा फोकस पल्ल्याचा खटका '∞–३ मी' वर न्या. मग कॅमेरा तीन मीटरच्या आतलं काही शोधत बसत नाही आणि हुकलेला पक्षी लवकर परत पकडतो.

पायरी ४: तिसरा कप्पा, सांज आणि माणसं

नावाडी, जाळं टाकणारे मच्छीमार, उजनीच्या पाण्यावरची संध्याकाळ.

- मोड: ए
- अॅपर्चर: एफ/२.४
- झूम: २४ मिमीच्या आसपास
- आयएसओ: ऑटो, १०० ते ३२००
- किमान शटर स्पीड: १/१२५
- फोकसची जागा: वाइड, चेहरा ओळखणं चालू
- ड्राइव्ह: एकेक

ही लेन्स २४ मिमीवर एफ/२.४ इतकी उघडते. १०० मिमीपर्यंत झूम करेतो ती एफ/४ वर आलेली असते. दोन्हींतल्या उजेडाचा फरक जवळजवळ पावणेतीन पट. म्हणून दिवस मावळल्यावर झूमचा मोह सोडा आणि होडीच जवळ न्यायला सांगा.

पायरी ५: कप्प्यात साठवा

१. मोड डायल ए वर ठेवून पहिल्या कप्प्याची सगळी सेटिंग्ज लावा.

२. मेन्यूच्या पहिल्या कॅमेरा विभागात मेमरीचं कलम उघडा, १ निवडा आणि चाकाच्या मधलं बटण दाबा.

३. डायल एम वर नेऊन दुसऱ्या कप्प्याची सेटिंग्ज लावा आणि २ मध्ये साठवा. तिसऱ्यासाठी पुन्हा ए वर येऊन ३ मध्ये साठवा.

४. आता डायल 'एमआर' वर न्या आणि कप्पे पालटून बघा. प्रत्येकात स्क्रीनवरचे आकडे या यादीशी ताडून पाहा.

इथे एक मेख आहे. लेन्सवरचं अॅपर्चरचं कडं, फोकसची पुढची डायल आणि एक्स्पोजर कमीजास्त करायची डायल या हाताने फिरवायच्या वस्तू आहेत. कप्पा बदलला म्हणून त्या आपोआप फिरत नाहीत आणि त्यांच्यावरचा आकडा व स्क्रीनवरचा आकडा वेगळे असू शकतात. विश्वास स्क्रीनवरच्या आकड्यावर ठेवा. होडीत चढताना कडं ४ वर, फोकस सी वर आणि एक्स्पोजर ० वर ठेवायची सवय लावा. तिसऱ्या कप्प्याकडे वळताना कडं तेवढं २.४ कडे न्यायचं.

पायरी ६: गॅलरीतून सराव

पक्ष्यांसाठी लांब जायला नको. सकाळी गच्चीवर उभे राहा. तारेवरच्या कावळ्यावर पहिला कप्पा, घिरट्या घालणाऱ्या घारीवर दुसरा. घार २०० मिमीला चौकटीत घ्या, फोकस पकडू द्या, मग झूम वाढवा. थेट ६०० मिमीला शोधायला गेलात तर रिकामं आभाळच दिसत राहील.

कॅमेरा डोळ्याला लावलेला असतानाच कप्पा १ वरून २ वर जाता आलं पाहिजे. बोटांना ते जमेपर्यंत सराव सोडू नका.

पायरी ७: होडीत

प्रत्यक्ष जागेवर विचार करायचा तो फक्त एक्स्पोजरचा. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो, म्हणून दोन प्रसंगी त्याला दुरुस्त करावं लागतं:

- गडद पाण्यावर पांढरा पक्षी: डायल −०.७ ते −१. पिसांवरचे झेब्राचे पट्टे नाहीसे होईपर्यंत खाली या.
- उजळ आभाळावर उडता पक्षी: +१ च्या आसपास, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती येते.

दुसऱ्या कप्प्यात मोड एम असला तरी आयएसओ ऑटो असल्यामुळे ही डायल तिथेही चालते.

कप्पा कधी बदलायचा ते पक्षीच सांगतात. रोहित एकदम उडत नाही. माना वर होतात, थवा एका दिशेला चालू लागतो आणि मग पाण्यावर काही पावलं धावून पंख हवा धरतात. माना वर झाल्या की दुसऱ्या कप्प्यावर या. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणून वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी राहतील अशी होडी लावायला नावाड्याला सांगा. उडालेला थवा तुमच्याकडे तोंड करून येईल. फोटोसाठी त्यांना मुद्दाम उठवायला मात्र सांगू नका. थंडीत ते इथे पोट भरायला येतात आणि प्रत्येक उड्डाणाला त्यांची ताकद खर्च होते.

पायरी ८: परत आल्यावर

फसलेले फोटो लगेच पुसू नका. आधी प्रत्येकाची माहिती उघडून बघा, कारण दोष आकड्यांत सापडतो.

- सगळंच चित्र हललेलं: शटर कमी पडलं. पहिल्या कप्प्यात १/५०० चं १/८०० करा.
- पक्षी धूसर, मागची झाडं स्वच्छ: फोकसची जागा चुकली. झोनऐवजी विस्तारित फ्लेक्सिबल स्पॉट वापरून बघा.
- पक्षी स्वच्छ, पण चित्र दाणेदार: आयएसओ फार चढला. वेग थोडा उतरवा किंवा उजेड वाढेपर्यंत थांबा.
- पिसं पांढरीफटक: एक्स्पोजर आणखी खाली हवं होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कप्पा पुन्हा साठवा. साठवायचं राहिलं तर पुढच्या वेळी जुनाच आकडा समोर येईल. या यादीतले आकडे सुरुवातीसाठी आहेत. दोन-तीन फेऱ्यांनंतर तुमच्या हाताला आणि तुमच्या पक्ष्यांना मानवणारे आकडे वेगळे निघाले, तर तेच बरोबर समजा.