रिकामी दिसणारी जागा

प्रश्न : मी सोलापुरात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या मुख्य इमारतीसमोर व्हीलचेअरचं चित्र रंगवलेली एक मोठी चौकट आहे. ती बहुतेक दिवस रिकामीच असते. तिच्यात सात-आठ दुचाक्या सहज मावतील, म्हणून आम्ही कधीकधी कडेला गाडी लावतो. मधली जागा सोडतोच. एका माणसाच्या एका गाडीला एवढी जागा खरंच लागते का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : लागते, आणि तुम्ही गाडी लावता ती कडच सगळ्यात जास्त लागते.

सरकारी मानकांत या चौकटीचं माप ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असं आहे. एरवी मोटारीला अडीच मीटर रुंदी पुरते. वरची मीटरभर जागा खुर्चीसाठी ठेवलेली असते. दार पूर्ण उघडायचं, घडीची खुर्ची ओढून बाहेर काढायची, सीटला भिडवून तिचे ब्रेक लावायचे आणि दोन्ही हातांवर अंग तोलून तिच्यात सरकायचं. हे सगळं त्या मीटरभरात होतं.

आपल्याकडे मोटारीपेक्षा मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटरच जास्त दिसते. गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजच्या आवारात एक मुलगी कडुनिंबाखाली ताटकळत उभी दिसली. सकाळी तिने स्कूटर राखीव चौकटीत लावली होती. पेपर देऊन कुबड्यांवर बाहेर आली, तर दोन्ही अंगांना एकेक मोटारसायकल, दोन्हींचे हँडल लॉक. स्कूटरवर बसायला आधी बाजूला कुबडी टेकायला हवी, आणि तेवढीही फट उरली नव्हती. वॉचमनने गाड्यांचे नंबर पुकारले. पाऊण तासाने दोन मुलं धावत आली, मनापासून माफी मागू लागली. एक जण म्हणाला, “ताई, मध्ये तुमच्यापुरती जागा सोडली होती ना.” तुमचं पत्र वाचताना मला तेच वाक्य आठवलं. राग आला नाही, पण ही गोष्ट कुणी त्या मुलांना आधी सांगितलीच नव्हती, याचं वाईट वाटलं.

चौकट रिकामी का असते, हे मात्र तुम्ही विचारलेलं नाही, आणि मला तोच खरा प्रश्न वाटतो. गाडी लावली म्हणजे माणूस वर्गात पोहोचला असं होत नाही. चौकटीपासून दारापर्यंतचं अंतर ३० मीटरच्या आत हवं. त्या वाटेवर शहाबादी फरशी असेल तर तिच्या फुटलेल्या सांध्यात खुर्चीची पुढची छोटी चाकं अडकतात. पावसाळ्यात आपली काळी माती चाकांना चिकटते, आणि ज्या हातांनी चाकं फिरवायची त्याच हातांनी नंतर वही धरायची असते. पुढे रॅम्प. उंचीच्या बारापट लांबी हा त्याचा नियम. दारापुढे प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प किमान ५.४ मीटर लांब हवा. पुष्कळ ठिकाणी तो दोन-अडीच मीटरांत उरकलेला असतो. त्यावरून मोटारसायकल चढेल, खुर्ची उलटेल. एवढं करून आत गेल्यावर वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. एक जागा अडली की सगळी वाट अडते, आणि मग ते मूल कॉलेजला येतच नाही. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ तर शहराबाहेर, पुणे रस्त्यावर केगावला आहे. बसच्या पायऱ्या ज्याला चढता येत नाहीत, त्याला तिथवर स्वतःच्या गाडीशिवाय कसं जाता येणार?

वाट मोकळी झाली की माणसं येतात. १९६२ साली एड रॉबर्ट्स हा पोलिओ झालेला तरुण कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याचं श्वासोच्छ्वासाचं अवजड यंत्र मावेल असं एकही वसतिगृह तिथे नव्हतं. त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयात खोली दिली. त्याच्या पाठोपाठ आणखी मुलं आली, आणि त्यांनी मागे लागून शहरातल्या फुटपाथांचे कोपरे उतरते करून घेतले.

आपल्याकडचा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा त्याने राखून ठेवल्या आणि जुन्या सार्वजनिक इमारतींनाही सुधारणेसाठी पाच वर्षं दिली. ती मुदत २०२२ मध्येच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात. तेव्हा ही चौकट म्हणजे कॉलेजने कुणावर केलेली मेहेरबानी नाही.

तुमच्या हातात एक काम आहे. मित्राला घेऊन मोजपट्टीने त्या चौकटीपासून तुमच्या वर्गापर्यंतची वाट मोजा : चौकटीची रुंदी, रॅम्पची उंची आणि लांबी, दारांची रुंदी (९० सेंटिमीटर मोकळी हवी), स्वच्छतागृहाचा उंबरा. रॅम्पच्या पायथ्याशी कुंडी किंवा साखळी असेल तर तीही लिहा. आकडे आणि फोटो जोडून प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. आणि तुमची गाडी उद्यापासून मागच्या स्टँडला लावा; तिथून चालत यायला तुम्हाला दोन मिनिटं जास्त लागतील.